हातानं केलेली जट

स्वराच्या मानेमागची जट देवीनं दिलेली नव्हती, पोरीनं स्वतःच्या हातानं केली होती. विमलला हे बोट लावताच कळलं. वर माखलेल्या हळदी-कुंकवाखालून बाभळीच्या डिंकाचा वास आला, तशी तिनं बोटं पदराला पुसली आणि चेहरा होता तसाच ठेवला. चेहरा होता तसा ठेवण्याची सवय तिला चांगलीच होती.

"बोल माझे आई," गिरिजाबाई समोर हात जोडून उभ्या होत्या. "काय हुकूम हाये?"

पोटच्या लेकीपुढं हात जोडायचे, दर शुक्रवारी तिच्या पायावर डोकं ठेवायचं, हे त्या इतकी वर्षं करत होत्या की त्यात काही उलटं आहे असं घरात कुणालाच वाटेनासं झालं होतं. विमलला मात्र दर शुक्रवारी वाटायचं. ती पाय आखडून घ्यायची आणि माय ते ओढून पुढं घ्यायची.

"केदार आन् गंधाली येऊन राह्यलेत जालन्याहून. सगळे बसू, मंग सांगते," विमल म्हणाली. "तंवर पोरीच्या डोक्याला कुणी हात लावायचा न्हाई. कात्री न्हाई, कंगवा न्हाई, आन् हळद बी आता बास."

उद्या स्वराची सुपारी फुटायची होती. वडीगोद्रीचे पाहुणे यायचे होते आणि तिच्या बापानं, मुकुंदनं, दारात मांडव घालून घेतला होता. पोरगी अकरावीत, सतरावं नुकतं लागलेलं. पण "नुसती सुपारी फोडून ठेवू, लग्न अठरा झाल्यावर" असं मुकुंदनं सगळ्या नात्यात सांगितलं होतं, आणि ज्याला विश्वास ठेवायचा होता त्यानं तो ठेवला होता. विमलनं ठेवला नव्हता. आपला हा धाकटा भाऊ मंगल कार्यालयवाल्याशी वैशाखातल्या तारखा बोलताना तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

आणि आज सकाळी गिरिजाबाई नातीला न्हाऊ घालायला बसल्या. तेलाचा हात मानेमागं गेला आणि वाटी तिथंच कलंडली. "आई आली! माझ्या घरात दुसऱ्यांदा आई आली!" असा त्यांनी जो गजर केला, त्यानं शेजारची चतुराबाई ओल्या हातानिशी हळदीकुंकू घेऊन धावली. चतुराबाईला एखादी गोष्ट कळली म्हणजे पिंपळगावात आणखी कुणाला सांगायची गरज उरत नाही. दुपारपर्यंत दारात नारळ यायला लागले आणि मुकुंद खत-बियाणांच्या दुकानाचं शटर पाडून घरी आला.

सगळे विमलकडं बघत होते. या घरात जटेचं शास्त्र तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिची स्वतःची जट मनगटाएवढी जाड, कमरेच्या खाली उतरलेली, हिरव्या फडक्यात गुंडाळून ती पदराखाली घ्यायची. रस्त्यानं निघाली की बाया वाट सोडायच्या, पुरुष मान खाली घालायचे. ती काय म्हणेल ते या घरात शेवटचं.

ती जट कशी आली याची घरातली गोष्ट सगळ्यांना पाठ होती. देवीनं झोपेत हात फिरवला, पोर उठली तो केस गुंफलेले. खरी गोष्ट एकट्या विमलला माहीत होती. तिला अंबडच्या पुढं दिलं होतं, स्वराएवढीच असताना. नवरा मारायचा. नुसता दारू पिऊन नाही, शुद्धीत असतानासुद्धा, आणि तेच जास्त वाईट होतं. ती दोनदा माहेरी पळून आली. दोन्ही वेळा बापानं तिला एसटीत बसवून परत धाडलं आणि मायनं भाकरी-ठेचा बांधून दिला. तिसऱ्यांदा सणाचं निमित्त करून राहायला आली तेव्हा तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. कंगवा बंद केला. शेताच्या बांधावरच्या वडाचा चीक रोज थोडा थोडा मानेमागं चोळत राहिली. पुढं न्यायला आलेल्या सासऱ्यानं तिची जट बघितली, डोक्यावरची टोपी काढली, वाकून नमस्कार केला आणि आल्या वाटेनं परत गेला.

बाईनं नाही म्हटलेलं दोन्ही घरांत कुणाच्या कानी पडत नव्हतं, आणि देवीनं तोंड न उघडताही सगळ्यांना ऐकू गेलं. त्या दिवशी विमलला मनापासून हसू आलं होतं. लाज तिला कधीच वाटली नाही. वाटायचीच असती तर मारणाऱ्याला आधी वाटायला हवी होती. पुढं तीस-बत्तीस वर्षं ती या गावात ताठ मानेनं राहिली, फक्त ती मान आता खरोखरच ताठ झाली होती. रात्री एकाच कुशीवर झोपावं लागायचं. सकाळी उजवा हात मुंग्यांनी भरायचा. डोक्यावरून पाणी घेतलं की दोन दिवस ओझं वाळायचं नाही. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे, इतक्या वर्षांत तिच्या डोक्यावरून कुणी मायेनं हात फिरवला नव्हता. देवीच्या डोक्याला कोण हात लावणार?

केदारनं आल्या आल्या चहाचा कप बाजूला सारला आणि आतल्या खोलीत जाऊन पुतणीची मान बघून आला. तो घरातला सगळ्यांत धाकटा, जालन्यातला डॉक्टर, विमलनं कडेवर वाढवलेला.

"यात देवीबिवी काही नाही," तो मधल्या खोलीत येऊन म्हणाला. "साधा गुंता आहे. कात्री आणा, आत्ता मोकळं करतो."

"हात लावशील तर माझं मेलेलं तोंड बघशील," गिरिजाबाई म्हणाल्या.

"माय, आक्काची मान बघ एकदा. मणक्यांची पार झीज झालीय. मी एवढा डॉक्टर झालो आणि माझ्या बहिणीसाठी काही करू शकलो नाही. आता या पोरीचीपण तीच गत करायची?"

"केदार बराबर बोलून राह्यला," मुकुंद एकदम म्हणाला. "काप बाबा. पाहुणे यायच्या आत काप. माय, आपण देवीची साडी-चोळीनं ओटी भरू, माफी मागू. बिलकुल काही होत न्हाई."

विमलनं त्याच्याकडं बघितलं. तिला मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणून केदार गाडी घेऊन आला होता, तेव्हा हाच मुकुंद गाडीपुढं आडवा झाला होता. देवीच्या कामात डॉक्टरचं काय काम, असं ओरडला होता. आज त्यानं स्वतः कात्री आणून कोनाड्यात ठेवली होती. गुडघ्याला बाशिंग पोरीच्या नाही, बापाच्या होतं.

"माय म्हणत्यात ते खरं हाये," दाराशी उभी असलेली मुकुंदची बायको शीतल हळूच म्हणाली. "देवीचं हाये ते कापू नये."

गिरिजाबाईंनी मान वळवून सुनेकडं बघितलं. सासू-सुनेचं आमटीतल्या मिठावरसुद्धा आजवर एकमत झालेलं नव्हतं. शीतल नजर खाली घालून पदराचं टोक पिळत होती. हिला देवीचं काही पडलेलं नाही, विमलच्या ध्यानात आलं. हिला उद्याचा दिवस टळायला हवाय. नवऱ्यासमोर तसं म्हणायची सोय नाही म्हणून ही देवीच्या आड उभी राहिली. या घरातल्या बायकांना बोलायचं असलं की कुणाच्या तरी आड उभं राहावंच लागतं.

"एक मिनिट, मी बोलू?" गंधालीनं चष्मा वर सरकवला. केदारची बायको, माहेर पुण्याचं, जालन्याला कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. विमलच्या जटेवर तिनं एक मोठा लेखही लिहिला होता. "केदार, तू डॉक्टर म्हणून बघतोयस, ते ठीक आहे. पण जट म्हणजे नुसते केस नाहीत. इथल्या माणसांच्या लेखी तिला अर्थ आहे, मान आहे. आपण शहरातली फूटपट्टी घेऊन यायचं आणि हे अडाणी, ते शहाणं असं ठरवत सुटायचं, हे मला पटत नाही. ज्यांची रीत आहे, त्यांनाच ती ठरवू दे."

"आणि मान मोडली तर?"

"आक्कांनी कधी तक्रार केली?"

विमलनं तक्रार केली नव्हती हे खरंच होतं. जिच्यापुढं लोक गाऱ्हाणी घेऊन येतात तिनं स्वतःचं गाऱ्हाणं कुठं न्यायचं?

गंधालीचा तिला राग आला नाही. काही वर्षांपूर्वी बाहेरगावचे कुणी समाजसेवक कॅमेरा घेऊन दारात आले होते. बातमी आधीच छापून तयार असल्यासारखे. कात्री, हार, बॅनर सगळं बरोबर. "बाई, तुम्हाला अंधश्रद्धेतून मुक्त करतो" म्हणत एकानं तिच्या पदराला हात घातला, तेव्हा घरातले पुरुष नुसते बघत राहिले होते. नवी नवी सून असलेली ही गंधाली उंबऱ्यात आडवी उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "तिला विचारलंत का?" ती माणसं बॅनर गुंडाळून गेली. विमलनं ते एक वाक्य आजवर जपून ठेवलं होतं.

"तहान लागली," म्हणून ती उठली आणि मागच्या अंगणात आली.

स्वरा धुण्याच्या दगडावर बसली होती. हळदीनं माखलेली मान, कॉलेजचा कुडता, आणि डोळे रडून सुजलेले. आत्याला बघताच ती उठून उभी राहिली.

"डिंक कुठल्या झाडाचा गं?" विमलनं विचारलं.

पोरीचा हात मानेमागं गेला.

"भिऊ नको. मला वास आला. बांधावरच्या बाभळीचा?"

"हाव," स्वरा पुटपुटली. "आत्या, कुणाला सांगू नको. पाया पडते."

"पाया पडायला माझ्याकडं माणसं लई हायती. तू बस. कशापायी केलंस ते सांग."

स्वरा दगडावर पुन्हा बसली. "मला न्हाई करायचं लगीन. बारावी करायची, मंग नर्सिंगला जायचं. पप्पांना सांगितलं. ते म्हणले, तुला काय कळतं. आज्जीला सांगितलं, ती म्हणली समद्या पोरी असंच म्हणत्यात, मंग रमत्यात. केदारकाकाला सांगितलं, तो म्हणला नुसती सुपारी हाये, टेन्शन नको घेऊ. गंधालीकाकूला फोन केल्ता."

"ती काय म्हणली?"

"लई चांगलं बोलली. म्हणली मला समजतंय, पण तुमच्या घरातली पद्धत मी बाहेरून चूक-बरोबर ठरवणं बरं न्हाई, तू घरात बोल." स्वरानं नाक ओढलं. "घरातच तर बोलून राह्यले व्हते ना, आत्या. मंग म्हणलं, माझं न्हाई तर देवीचं तरी ऐकतील. तुझं ऐकलं तसं."

तिची खरी गोष्ट या पोरीला ठाऊक नव्हती, कुणालाच नव्हती. तरी पोर त्याच वाटेनं गेली, कारण या घरात दुसरी वाट कुणी पाडलीच नव्हती. आणि पुढं काय, हे विमलला स्वतःच्या मानेइतकं पक्कं माहीत होतं. लग्न टळेल, पण नर्सिंगही टळेल. जट घेऊन कोण कॉलेजात बसू देणार? पोरगी ओट्यावर बसेल, नारळ घेईल, आणि तिची आई तिच्या पाया पडेल.

"चल," ती म्हणाली. "दाराशी उभी ऱ्हा आन् ऐक."

मधल्या खोलीत वाद उकळत होता. विमल आली तशी सगळे तिला जागा करून सरकले. ती खाली सतरंजीवर बसली, पदराखालची जट पुढं घेऊन मांडीवर ठेवली.

एका वाक्यात सगळं निपटलं असतं. "देवीला हे स्थळ पसंत न्हाई" एवढं ती म्हणाली असती तर मुकुंदची फोन लावायला पळापळ झाली असती. पण मग पुढच्या वर्षी दुसरं स्थळ आणि पुन्हा देवी. या घरातल्या पोरींनी किती दिवस देवीच्या तोंडानं बोलायचं? विमलनं ठरवून टाकलं, आणि एकदा तिनं ठरवलं की विषय संपत असे.

"मुकुंद, वैशाखातली कोणती तारीख धरलीस रे?"

मुकुंदनं मान खाली घातली.

"दादा?" केदार उठून उभा राहिला. "तू मला म्हणला होतास अठरानंतर!"

"अरे चांगलं स्थळ हाये, बागायत हाये, पोरगा निर्व्यसनी हाये. ते थांबायला तयार न्हाईत," मुकुंद उसळला. "आन् आपल्यात असंच व्हत आलंय. मायचं लगीन कोणत्या वयात झालं? आक्काचं? तुम्ही जालन्यात बसून आम्हाला शिकवू नका. गंधाली, तूच म्हणतीस ना, ज्याची रीत त्यानं ठरवायची? मंग आमची रीत आम्ही ठरवून राह्यलो. आता काहून तोंड वाकडं?"

गंधालीचं तोंड खरंच वाकडं झालं होतं. तिचंच वाक्य तिला कुणीतरी फेकून मारलं होतं आणि नेम चुकला नव्हता.

"दादा, मी तसं..." ती म्हणू लागली.

"तुला पोरीनं फोन केल्ता," विमल म्हणाली.

"केला होता, आक्का." गंधालीचा आवाज उतरला. "मला वाटलं, मी कोण तुमच्या घरात नाक खुपसणारी."

"उंबऱ्यात आडवी उभी राह्यलीस तवा नाकच खुपसलं व्हतंस की. लई चांगलं केलंस. काय इचारलं व्हतंस तवा?"

गंधालीनं आठवून हळूच म्हटलं, "तिला विचारलंत का."

"मंग आज ते काहून इसरलीस? तू आमच्या रीतीला हसत न्हाईस, म्हून मला तू आवडतीस. बाहेरून येऊन आम्हाला येडं ठरवणारे लई बघितले मी. पण बाई, रीत कुणाची हाये हे इचारायच्या आधी, ती ज्येच्या डोक्यावर ठेवून राह्यलोत त्याला बी इचारावं. एवढंच." मग तिनं केदारकडं मान वळवायचा प्रयत्न केला. मान वळेना, म्हणून ती आख्खीच वळली. "आन् डॉक्टर, तू कात्री मागितलीस. त्या कात्रीनं उद्याची वाट साफ व्हती, ते दिसलं तुला? म्हून तर हा दादा तुझ्या बाजूनं झाला. तुला बी पोरीनं सांगितलं व्हतं."

केदार खाली बसला.

"आता जटेचं सांगते," विमल म्हणाली. तिनं हिरवं फडकं सोडलं आणि ती काळपट, करडी दोरी सगळ्यांपुढं उघडी केली. "ही मला देवीनं दिलेली न्हाई. मी केली. बांधावरच्या वडाचा चीक लावून लावून केली. मला त्या घरी परत जायचं नव्हतं आन् तुम्ही मला धाडणार व्हते."

गिरिजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या सरळ झाल्या.

"म्हंजी?" मुकुंद कसाबसा म्हणाला. "इतके दिवस तू देवीचं नाव घेऊन..."

"घेतलं. माझं नाव घेऊन कुणी ऐकलं असतं, तर तिला कशाला तरास दिला असता? तिनं मला वाचवलं, मी ते रोज मानते. तुमच्या रीतीनं मला घरातून हाकललं आन् तुमच्याच रीतीनं मला घरात जागा दिली, हे बी खरं. मी रीतीला नावं ठेवत न्हाई. पण जागा अशी दिली की मान मोडली. या पोरीला तशी जागा नको."

"आत्या, मी सांगते," दारातून आवाज आला. स्वरा पुढं आली होती. "मी बी केली. डिंक लावून. पप्पा, मला लगीन न्हाई करायचं. तुम्हाला चारदा सांगितलं."

मुकुंद लेकीकडं बघत राहिला. शीतल दाराशी होती ती आत येऊन पोरीच्या शेजारी उभी राहिली. या वेळी कुणाच्याच आड नाही.

"फोन लाव," विमल म्हणाली.

"आक्का, अब्रूचा सवाल हाये. सगळ्या गावाला..."

"फोन होईस्तोवर पोरीच्या डोक्याला कंगवा लागणार न्हाई. आन् उद्या पाहुणे आले तर मी ही जट मोकळी सोडून मांडवात बसन आन् आत्ता सांगितलं ते त्यांना परत सांगन. बघ तुला काय परवडतं ते."

मुकुंदला आक्का लहानपणापासून माहीत होती. त्यानं नंबर लावला. विमलनं बोटानं खूण केली, तशी त्यानं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"हां साहेबराव. रामराम. नाही, तयारी बराबर हाये. एक अडचण झाली. आमच्या घरात ते देवीचं..."

विमलनं मान हलवली. हलवताना दुखली, तरी हलवली.

मुकुंदनं फोन तोंडाजवळ घेतला. "देवीचं न्हाई. पोरगी न्हाई म्हणती. आन् तिला सतरावंच हाये. उद्या येऊ नका."

पलीकडून वडीगोद्रीच्या साहेबरावांचा जाडा आवाज खोलीभर झाला. "मुकुंदराव, सोयरिका काय पोरींना इचारून व्हतात का कुठं? आपल्यात चालतं का असं?"

मुकुंदनं खोलीत बघितलं. माय, आक्का, केदार, गंधाली, शीतल. शेवटी डोक्यावर हळद थापलेली स्वतःची पोरगी. तिच्या मानेमागं तो गोळा अजून तसाच होता, आणि तिनं तो स्वतःच्या हातानं, आरशात न बघता, रोज थोडा थोडा केला होता. बापाला सांगून झाल्यावर केला होता.

"चालतं," तो म्हणाला. "आमच्यात चालतं."

त्यानं फोन खाली ठेवला. काल कुणी विचारलं असतं तर तो असं म्हणाला नसता. केदारनं पुढं होऊन थोरल्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मुकुंदनं तो झटकला नाही.

शीतल कोमट पाणी आणि एरंडेल तेल घेऊन आली. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, वडाच्या चिकासारखा हट्टी नसतो. स्वराला पाटावर बसवलं आणि गंधाली बाह्या सारून तिच्या मागं बसली. "मी करू का?" असं तिनं आधी स्वराला विचारलं, आणि पोरगी पहिल्यांदाच किंचित हसली. गुंता एकेक बट सुटायला लागला.

गिरिजाबाई अजून भिंतीशीच होत्या. विमल वाट बघत होती. मुकुंदची, गावाची, चतुराबाईची तिला धास्ती नव्हती. उद्यापासून नारळ येणार नाहीत, वाट सुटणार नाही, ते सगळं तिनं बोलायच्या आधीच मनाशी मोजून सोडून दिलं होतं. मायचं तेवढं मोजता आलं नव्हतं.

म्हातारी उठली. गुडघ्यावर हात देत देत लेकीच्या मागं आली, आणि तिनं विमलच्या पाठीत असा काही धपाटा घातला की सगळे दचकले.

"सटवे! इतकी वर्षं मला पाया पडाया लावलंस?"

पाठ चरचरली. विमलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते दुखल्यामुळं नव्हतं. माय रागावली होती, आणि ती देवीवर नव्हे तर लेकीवर रागावली होती. लेक म्हणून शेवटचा मार कधी खाल्ला होता ते विमलला आठवेना.

"मला सांगायचं तरी गं," गिरिजाबाईंचा आवाज फुटला. "मी माय हाये तुझी. मला सांगायचं!"

"सांगितलं व्हतं, माय," विमल म्हणाली. "दोनदा."

गिरिजाबाईंना ते दोन्ही दिवस आठवले असणार, भाकरी बांधलेलं फडकंही आठवलं असणार. त्या हळूहळू लेकीच्या मागं खाली बसल्या. हात उचलला, जरा वेळ तसाच हवेत धरला, आणि मग विमलच्या डोक्यावर टेकवला. कपाळापासून मागं, जिथं जट सुरू होत होती तिथवर. मग त्यांनी ती जट तळहातावर तोलून बघितली.

"किती जड हाये गं हे."

"हाव माय. लई जड हाये."

"काहून वागवून राह्यलीस मंग आता?"

गिरिजाबाईंनी कोनाड्याकडं बोट केलं, तशी केदारनं कात्री उचलली आणि पुढं आला. म्हातारीनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"तू सरक. माझ्या लेकीचे केस हायती."

त्यांनी कात्री उघडली, जटेच्या मुळाशी नेली. आणि थांबल्या. विमलला मानेवर लोखंडाचा गार स्पर्श लागला, मायचा श्वास कानाशी आला. गेल्या इतक्या वर्षांत लोकांनी तिला पाऊस मागितला होता, पोरं मागितली होती, कोर्टातले निकाल मागितले होते. तिला स्वतःला काय हवं, हे कुणी विचारलं नव्हतं.

"विमल," माय तिच्या कानाशी म्हणाली, "कापू का गं?"

"काप, माय," विमल म्हणाली.